चटका न लागणारा हात

प्रिय सत्यशीला,

पूर्ण नावानं लिहिलंय म्हणजे आई चिडलीय, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. तर हो, चिडलेय. लई चिडलेय. तुझ्या आजीनं, सुंदरबाईंनी, हट्टानं तुझं नाव सत्यशीला ठेवलं. म्हातारी आज असती तर तिनंच तुझा कान पिळला असता. फोन का केला नाही म्हणशील. अगं, माझा फोन म्हणजे चावडी. तुझा फोन आला की हे तुझे आप्पा आधी उचलतात, स्पीकरवर टाकतात, आणि मी जरा कुठं बोलायला लागले की ‘बरं बरं, पोरीला अभ्यास हाय’ म्हणून बंद करतात. म्हणून कंडक्टर बंकटभाऊंच्या एसटीनं अंबाजोगाईला तुझ्याकडं तिळाच्या लाडवांचा डबा येतोय, त्याच्या तळाशी कागदाखाली हे पत्र ठेवतेय. लाडू मैत्रिणींना वाट, पत्र मात्र दार लावून वाच. सरळच सांगते. आपल्या घरात माणसं तीन. माझ्या अंगात काय आजार आहे ते त्यातल्या दोघांना ठाऊक, आणि जिच्या अंगात तो आहे तिला मात्र ‘ताकदीच्या गोळ्या’. मला दिवाळीच्या आधीपासून संशय होता. आता संशय राहिला नाही, पण तो कसा कसा वाढत गेला ते तुला ऐकावंच लागेल.

तुमची चूक एवढीच झाली की मला अगदीच भोळी धरलंत. बारावीला माझं सायन्स नव्हतं हे खरं. पण मेडिकलचं तुझं पहिलं वर्ष कुणी पाठ करून घेतलं? मी ओट्यावर पीठ मळायची, तुझं पुस्तक डब्याला टेकवलेलं, आणि तू मेंदूतून निघणाऱ्या नर्व्हची नावं घडाघडा म्हणायचीस. माझ्यासाठी तू त्यावर पेन्सिलीनं मराठी अक्षरात लिहून ठेवलं होतंस. ऑल्फॅक्टरी, ऑप्टिक, ऑक्युलोमोटर, आणि पुढं ट्रॉक्लिअरला तू हमखास अडखळायचीस, मग मीच पिठाचं बोट उगारून आठवण करून द्यायची. मी नर्व्हला नस म्हटलं की तुझा जीव जायचा. आई, रक्त नेते ती शीर, आणि खबर नेतो तो मज्जातंतू, असं किती वेळा घोकवलंस माझ्याकडून! दहावी ती व्हेगस, तिचा अर्थ भटकी, मेंदूतून निघते ती गळ्यातून काळजापाशी जाऊन पार पोटापर्यंत हिंडते, हे ऐकून मी किती हसले होते. आणि ती कोपरातली. दाराच्या चौकटीला कोपर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, ते हाडाचं काम नव्हे, ती अल्नार नर्व्ह, असं सांगून तू माझं कोपर दाबून दाखवलं होतंस. हे नाव मी विसरणार होते होय गं? तुला वाटलं, इंग्रजीत बोललं की आईला काही कळत नाही.

दसऱ्याच्या सुट्टीत तू आलीस ते हातोडी आणि कापूस घेऊनच. परीक्षा जवळ आलीय म्हणून घरादाराच्या गुडघ्यांवर टकटक. शेजारची भिवराबाई तर पाय उडाला म्हणून किंचाळली होती. मग मला डोळे मिटायला लावलेस, कापसाचा तंतू लावीन तिथं ‘हो’ म्हण म्हणालीस. मी आपली शहाण्या पोरीसारखी हो, हो म्हणत बसले. मधेच लई वेळ काहीच लागेना. मला वाटलं तू पाणी प्यायला उठलीस. डोळे उघडले तर तू माझ्या करंगळीवरून कापूस फिरवत होतीस, आणि तुझा चेहरा पांढराफटक पडलेला. मी म्हटलं, अगं, ह्या हाताचं काय घेऊन बसलीस, हा हात पहिल्यापासून असाच आहे. खरंच होतं ते. तव्यावरच्या भाकरीला पाणी लावताना, ती उलटताना मला चटका बसत नाही म्हणून सगळ्या गल्लीत माझं कौतुक. सुंदरबाई जायच्या आधीचं वर्षभर आल्यागेल्याला सांगायच्या, ‘माझ्या सुनंच्या हातात अन्नपूर्णा हाय, तिला विस्तू सुदीक भाजत न्हाई.’ जत्रेच्या पंगतीला भाकरी थापायला सगळ्यात आधी मला बोलावणं यायचं, आणि मी मिरवायचे गं. हातावर फोड दिसला तर म्हणायचे, काम करणाऱ्याच्या हाताला फोड येतोच. तू मात्र त्या दिवशी हसली नाहीस. माझं कोपर आतल्या बाजूनं चाचपलंस, मग दुसरं, मग पुन्हा पहिलं. दुसऱ्या दिवशी बाजारातून लांब दांड्याचं उलथनं आणि जाड फडकी घेऊन आलीस. जिनं आजवर घरात एक चमचा विकत आणला नाही, तिनं उलथनं आणलं! तेव्हाच मला वाटलं, पाणी कुठंतरी मुरतंय.

मग तुझ्या ओळखीच्या त्या डॉक्टरीणबाई. नुसतं दाखवून येऊ म्हणून नेलंस. हात बधिर, तर त्यांनी माझ्या कानाची पाळी चिमटीत धरून खरवडून घेतली. सांग बरं, कोणाही बाईला शंका येणार नाही का? दुखणं करंगळीत आणि तपासणी कानाची! बाई चांगल्या होत्या, त्या माझ्याकडं वळून काही सांगायला लागल्या तर तू मधेच इंग्रजीत सुरू झालीस. मला त्यातलं ‘अल्नार’ कळलं, आणि ‘आईला मी घरी सांगते’ हे तू मराठीतच म्हणालीस. बाईंनी तुझ्याकडं बराच वेळ बघितलं. घरी येऊन काय सांगितलंस? नस दबलीय, ताकद कमी आहे, वर्षभर गोळ्या घ्याव्या लागतील. गोळ्या पण कशा, पाकिटातून सोडवून स्टीलच्या डबीत भरलेल्या, नाव नाही गाव नाही. मी मेथीची जुडी घेताना सुद्धा चार वेळा उलटून बघते, आणि ह्या गोळ्या मुकाट गिळल्या. का, तर पोरीनं हातावर ठेवल्या म्हणून.

पण ताकदीच्या गोळ्यांनी कुणाची लघवी लाल होते गं? दर महिन्याला तू एका दिवसासाठी घरी यायला लागलीस. सुट्टी नाही, सण नाही, सकाळी एसटीनं उतरतेस, समोर बसून मला मूठभर गोळ्या घ्यायला लावतेस आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. त्या दिवशी हमखास लघवी लाल. पहिल्यांदा तर मला वाटलं रक्तच जातंय. तुला विचारलं तर म्हणालीस, बीट खाल्लं असशील. वडवणीच्या बाजारात त्या आठवड्यात बीट आलंच नव्हतं! मग माझा रंग उतरायला लागला. कातडी कोरडी, तोंड काळवंडलेलं. भिवराबाई विचारतेय, उन्हात लई हिंडतीस काय. मी काय सांगू? आधी मला वाटलं तुझंच काहीतरी आहे. कॉलेजातला कुणी पोरगा असेल, तू आप्पांना सांगितलं असशील आणि मला कसं सांगावं म्हणून दोघं कुजबुजताय. माजलगावचे पाहुणे तुला बघून गेलेले, त्यामुळं माझं डोकं तिकडंच पळायचं. मी त्या पोराला मनातल्या मनात चार शिव्या सुद्धा घालून घेतल्या. बिचारा, तो कुठं नव्हताच.

पोराचा संशय फिटला तो तुझ्या आप्पांमुळं. संक्रांत जवळ आली तशी त्यांची वागणूक बदलली. आपल्या घरातली सगळी भांडी माझ्या लग्नातली, त्यांच्यावर माझं नाव. कधी नव्हे ते आप्पांनी भांड्याच्या दुकानातून नवं ताट, नवी वाटी आणि नवा पेला आणला, वर मशिनीनं ‘शिवशंकर’ असं कोरून. म्हटलं हे कावून, कशाला? तर म्हणतात, ‘दुकानावर लागतंय.’ दुकानावर म्हणे! ते ताट खताच्या दुकानात गेलंच नाही, आपल्याच फळीवर वेगळ्या कोपऱ्यात राहिलं आणि घासायचं सुद्धा ते स्वतः घासायला लागले. ज्या माणसानं जन्मात चहाची बशी विसळली नाही, तो राख घेऊन ताट घासतोय. मग पोटाला भाकर झेपत नाही असं सुरू झालं आणि दुकानावर खानावळीचा डबा यायला लागला. खाट माडीवर गेली, का तर खाली उकडतं. पौषात उकडतं! शेवटी म्हणाले, यंदा हळदीकुंकू नको करूस. मी म्हटलं, लग्न झाल्यापासून एक संक्रांत चुकवली नाही, आणि यंदा काय झालं? त्यावर त्यांचं ठरलेलं वाक्य, झाकली मूठ सव्वा लाखाची. एकदा मी दळण घेऊन आले तर ते पडवीत फोनवर तुझ्याशी बोलत होते. तू काहीतरी विनवत होतीस, आणि ते तिरमिरून म्हणाले, ‘मला काय धाड भरलीय? मी न्हाई कुटं दाखवायला येनार.’ मला बघून फोन ठेवला. एवढ्या लपवाछपवीवरून माझी खात्रीच झाली की मला कॅन्सर आहे. खोटं कशाला सांगू, रडले. मग उठून लोणच्याचं प्रमाण आणि तुझ्या लग्नात कुणाला कोणतं लुगडं द्यायचं ते सगळं मनाशी ठरवून टाकलं. तुम्ही बोलत नव्हतात, तर मी माझं मीच मरून मोकळी झाले होते, सत्यशीला.

तिळगुळाचे तीळ पाखडत होते तेव्हा शाईस्ता आली. आमिनाबीची सून, आता आपल्या भागाची आशा सेविका आहे. घरोघर अंगावरचे चट्टे विचारत फिरत होती. मागच्या वर्षी मीच तिला दारातून वाटेला लावलं होतं, आमच्या घरात असलं काही नसतं म्हणून. यंदा काय वाटलं कोण जाणे, तिला आत घेतलं, चहा दिला आणि डबीतली ती तपकिरी गोळी तिच्या तळहातावर ठेवली. म्हटलं, बाई, ही कसली गोळी ते सांग, तुला तुझ्या लेकरांची शपथ. तिनं गोळी बघितली, मग माझं तोंड बघितलं, मग उठून दार लोटलं. म्हणाली, ‘मावशी, ही दुकानात मिळत न्हाई, ही फक्त सरकारी दवाखान्यातून येती. ही कुष्ठरोगाची हाय. पन भिऊ नका, ही खाल्ली की मानूस बरा होतो, खरंच बरा होतो.’ बघ, मी लिहिला तो शब्द. कुष्ठरोग. आमच्या लहानपणी त्याला महारोग म्हणायचे. माहेरच्या बाजारात एक माणूस चिंध्या गुंडाळलेले हात पुढं करून बसायचा आणि माझी आई लांबूनच त्याच्याकडं भाकर टाकायची. शाईस्ता गेल्यावर मला तोच दिसत राहिला. पण तिनं जे सांगितलं ते तुझ्या सगळ्या पुस्तकांपेक्षा मला त्या वेळी मोठं वाटलं. हा आजार मज्जातंतूंचा आहे, जंतू तिथं जाऊन बसतात, म्हणून हाताला कळत नाही. तेच जंतू बघायला कानाची पाळी खरवडतात, आणि लाल लघवी, काळवंडलेलं तोंड हे गोळ्यांमुळंच. पाप नाही, शाप नाही. औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत दुसऱ्याला लागायची भीती राहत नाही, आणि ताटवाटी वेगळी ठेवायची तर काही गरजच नाही. हे तिनं माझ्याच कपातला चहा पिता पिता सांगितलं. एवढं साधं होतं तर तू का नाही सांगितलंस गं? माजलगावचे पाहुणे परत फिरतील म्हणून? आप्पांनी तुला गप्प बसवलं असणार, हे मला कळतं. पण तू डॉक्टर होणार ना? उद्या कुणी बाई तुझ्यासमोर बसेल, तिच्याही नवऱ्याला विचारून सांगणार का? मला राग आजाराचा नाही. ज्या हाताला चटका कळत नव्हता त्याचं मी कौतुक ऐकत बसले, ती माझी चूक नव्हे, कुणालाच ठाऊक नव्हतं. पण तुम्हाला ठाऊक असून तुम्ही मला अंधारात ठेवलंत, हे मला लई लागलं. एक गोष्ट मात्र मी विसरले नाही. दिवाळीत तू माझ्या ताटात जेवायला बसून, माझ्या हातची भाकर माझ्याच हातानं खाल्लीस, आणि उरलेलं पाणी माझ्या तांब्यातून प्यालीस. तेव्हा तुला सगळं माहीत होतं. त्या एका घासासाठी तुझं निम्मं पाप माफ.

उरलेल्या निम्म्यासाठी तुला एक काम करायचं आहे, आणि त्यासाठीच हे पत्र लिहायला बसले. काल सकाळी आप्पा आंघोळ करून उघड्या अंगानं अंगणात उन्हाला बसले होते, माझ्याकडं पाठ. मी ओसरीत संक्रांतीच्या वाती वळत होते. उजव्या खांद्याच्या खाली मला एक चट्टा दिसला, तळहाताएवढा, भोवतीच्या कातडीपेक्षा फिकट. एरवी मी शिबं म्हणून सोडून दिलं असतं, पण घरातल्या सगळ्यांनी अंग दाखवून घ्यायला हवं, हे शाईस्ता सांगून गेली होती. मी उठले, हातातला कापूस तसाच होता. आधी चांगल्या जागी हळूच टेकवला, तर माशी बसली समजून त्यांनी पंचा उडवला. मग चट्ट्यावर टेकवला. काही नाही. फिरवला. काही नाही. पुन्हा बाजूला टेकवला, पुन्हा पंचा. सत्यशीला, ते पेपर वाचत होते गं. मागं उभी राहून मी तोंडात पदर कोंबला. ज्यांनी माझ्यापासून ताट वेगळं केलं, त्यांच्या पाठीवर ते कधीपासून आहे कुणास ठाऊक, आणि कुणाचं कुणाला गेलं हे शाईस्ता म्हणते डॉक्टरांना सुद्धा सांगता येत नाही. एका क्षणाला मनात आलं, आता ह्यांना सांगून त्यांच्या समोर माझा पेला वेगळा मांडते, बघू दे कसं वाटतं ते. आलं मनात, देवाशपथ आलं. मग म्हटलं, नको. ही जळजळ काय असते ते मला कळलंय, ती त्यांना कशाला? मी डॉक्टर नाही, माझं चुकत असेल तर देवाला नारळ फोडीन. पण ह्या रविवारी तू ये. गोळ्यांचा दिवस नसला तरी ये. तुझा कापूस घे, आप्पांना डोळे मिटायला लाव, आणि जे निघेल ते त्यांना मराठीत सांग, माझ्यासमोर सांग, नाव घेऊन सांग. त्यांनाही ताकदीच्या गोळ्या म्हणालीस तर बघ. तुला धीर झाला नाही तर मी सांगेन. हळदीकुंकू मी करणार आहे, शाईस्ताला पहिलं बोलावणं दिलंय. आणि हो, हे लिहिता लिहिता घसा कोरडा पडला म्हणून पाणी घेतलं. फळीच्या कोपऱ्यातला तो नाव कोरलेला पेला होता ना, त्यातूनच प्याले. धुऊन माझ्या भांड्यांत ठेवलाय. आता तो तिथंच राहील.

तुझीच, अजून थोडी रागावलेली,
आई